ट्यूबलेस टायरला दोरी घातली की काम संपलं, की आतून पॅच हवाच?

रानवाटा
मंडळी, मागच्या चाकात खिळा घुसला. टायर ट्यूबलेस. रस्त्यातच पंक्चरचं किट काढलं, भोकात चिकट रबरी दोरी घातली, पंपाने हवा भरली आणि पुढे निघाले. तेव्हापासून हवा उतरलेली नाही, रोज निघण्याआधी गेज लावून बघते.

प्रश्न पुढचा आहे. तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणतो, दोरी बसली म्हणजे विषय संपला, टायर गोटा होईपर्यंत चालव. दुसरा म्हणतो, टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखी टोपी आणि दांडा असलेलं ठिगळ) मारून घे. तिसरा म्हणतो, दुचाकीच्या टायरला भोक पडलं की टायर बदलायचा, चर्चाच नको.

गाडी रोज धावते. शिवाय अधूनमधून लांबचा प्रवास असतो, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान. टायरची नक्षी अजून चांगली शिल्लक आहे, त्यामुळे तो फेकायचं जिवावर येतं. पण मागे बसलेल्या माणसाचा जीवही माझ्याच हातात असतो. तुम्ही काय करता आणि का करता, ते सविस्तर लिहा. नुसतं ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ नको.

मंदगती
हवा उतरत नाही ना? मग चालतं.
(ताईंनी हेच लिहू नका म्हटलंय हे नंतर वाचलं. सविस्तर लिहायला जाणकार येतीलच. वाचतोय.)

जुना पाना
रानवाटा, चांगला विषय काढलात. हयात टायर उतरवण्या-चढवण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दोरी काय करते ते बघू. त्या चिकट दोरीवर कच्चं रबर असतं. आपण ती दुमडून भोकात घुसवतो, ती दाबून बसते आणि भोक भरून जातं. पुढे टायर तापला की ते रबर आणखी घट्ट धरतं. हवा अडवायचं काम ती चोख करते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता ती काय करत नाही ते. टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत धाग्यांचे थर असतात, रेडियल जातीचा असेल तर बऱ्याचदा पोलादी तारांचा पट्टाही असतो. भोक त्या सगळ्यातून आरपार गेलेलं असतं. बाहेरून पाणी आत झिरपलं की तार गंजते, रबर तारेपासून सुटायला लागतं. हे बाहेरून दिसत नाही आणि गेजलाही कळत नाही. मशरूम पॅचचा दांडा भोक भरतो आणि त्याची टोपी आतल्या अस्तराला चिकटून हवा आणि ओल दोन्ही रोखते. ही खरी दुरुस्ती.

पण माझ्या लेखी पॅचहून मोठा फायदा वेगळाच आहे. पॅच मारायचा तर टायर उतरवावा लागतो, आणि उतरवला की आत बघता येतं. हवा कमी असताना गाडी थोडी जरी पळली असेल तर बाजूची भिंत आतून चुरगळते, सुरकुत्या पडतात, काळी भुकटी साचते. अशी भुकटी दिसली की तो टायर बाद, मग नक्षी कितीही शिल्लक असो. बाहेरून दोरी घालणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

दुरुस्तीच्याही मर्यादा आहेत. भोक जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागातच हवं आणि 6 मिलिमीटरपेक्षा मोठं नको. खांद्यावर (नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे) किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर ना दोरी ना पॅच. तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो, तिथे काहीही टिकत नाही.

थोडक्यात, दोरी घरापर्यंत पोचायला. त्यापुढे पॅच.

दूरचा पल्ला
जुना पाना यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी इथे मी असहमत.

मी वर्षानुवर्षं दोरीवर टायर संपवलेत. सामानासकट, उन्हात, पावसात, खडीच्या रस्त्यावर. नीट बसवलेली दोरी अजून एकदाही बाहेर आलेली नाही. ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. जी दोरी निघते ती बहुतेक वेळा घाईत घातलेली असते. भोक साफ केलेलं नसतं, रीमर (भोक घासायची खरबरीत सळई) एकदाच आत-बाहेर केलेला असतो, किंवा खिळा तिरका गेलेला असताना सुई सरळ घुसवलेली असते.

दुसरी गोष्ट, टायर उतरवणं हेही जोखमीचं काम आहे. अडाणी हाताने लिव्हर लावली की बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) फाटते, रिमला खोक पडते, आणि मग तिथूनच हवा झिरपते. मधोमध, लहान खिळ्याचं, सरळ भोक असेल तर दोरीवरचा चांगला टायर मला कुठल्यातरी घाईगर्दीत उतरवलेल्या टायरपेक्षा भरवशाचा वाटतो.

तेलकट हात
दूरचा पल्ला +१. पण दोरी कशी घालायची ते एकदा नीट लिहा ना. नवीन लोक किट विकत घेतात आणि पहिल्यांदा उघडतात ते रस्त्याच्या कडेला, अंधारात.

दूरचा पल्ला
तेलकट हात, लिहितो.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दाखवतील. चाक फिरवून भोक हाताशी येईल असं घ्या. खिळा काढण्याआधी तो कुठल्या कोनात घुसलाय ते बघून ठेवा आणि किटमधलं सगळं साहित्य काढून मांडा. सुईत दोरी आधीच ओवून तयार पाहिजे. खिळा निघाला की उरलेली हवा जाते, आणि जितकी हवा आत टिकेल तितकं सोपं, कारण पोकळ टायर सुईखाली नुसता दबत जातो.

पक्कडीने खिळा ज्या कोनात गेला त्याच कोनात ओढा. रीमर पिळत आत घाला आणि काही वेळा आत-बाहेर करा. ताकद लागते, पण उगाच भोक रुंद करत बसू नका. सुईवर आणि दोरीवर रबर सोल्युशन लावा, दोरीची दोन्ही टोकं साधारण बोटाच्या पेरभर बाहेर राहतील इथपर्यंत सुई दाबा आणि मग एका झटक्यात सरळ ओढा. सुईच्या नेढ्याला चीर असते, त्यामुळे सुई बाहेर येते आणि दोरी आत राहते. इथे सुई गोल फिरवू नका. बाहेरची टोकं कापा, पण अगदी रबराला लावून नको, थोडी ठेवा. हवा भरा, पुन्हा साबणाचं पाणी. बुडबुडा नाही म्हणजे झालं.

अनुस्वार
वाद घालण्याआधी माहिती तरी पुरी घेऊ या. रानवाटा, तीन गोष्टी सांगा. भोक नेमकं कुठे आहे? खिळा केवढा होता? आणि टायर रेडियल आहे का?

तिसरं टायरवरच वाचता येतं. ‘140/70 आर 17’ असं असेल तर रेडियल. मध्ये अक्षराच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर बायस. पोलादी पट्ट्याला गंज लागण्याचा मुद्दा रेडियलला जास्त लागू. बायस टायरमध्ये सहसा नायलॉनसारखे धागे असतात, त्यांना गंज नाही.

तारीखही बघून ठेवा. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. टायर जुना होऊन रबर कडक झालं असेल, बारीक भेगा दिसत असतील तर पॅच की दोरी हा वादच मिटला.

फुंकर
मला एक कोडं सुटत नाही. पंक्चर नेहमी मागच्याच चाकाला का? आणि तेही सगळं सामान बांधून झाल्यावरच?

किल्ली
@फुंकर, सामानाचं माहीत नाही, नशिबाला विचारा :) मागच्या चाकाचं कारण मात्र सरळ आहे. आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाला टोचत नाही. पुढचं चाक त्याच्यावरून गेलं की तो उडतो, उभा-तिरका होतो आणि तेवढ्यात मागचं चाक येतं. त्यात मागच्या चाकावर वजन जास्त आणि ते झिजतंही लवकर. पातळ झालेल्या रबरातून खिळ्याला कमी प्रवास करावा लागतो.

आरेकरी
तुम्ही सगळे ट्यूबलेसवाले सुखी. आमच्या आऱ्यांच्या चाकाचं काय? रिमला आऱ्यांसाठी भोकं, त्यामुळे हवा राहणार ट्यूबमध्येच. (आरे रिमच्या कडेला बसवलेली ट्यूबलेस चाकं असतात, माहीत आहे. माझ्या गाडीला नाहीत.)

ट्यूबचं पंक्चर रस्त्यात काढणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण पुष्कळ जण इथे दुसरं पंक्चर स्वतःच्या हाताने करून ठेवतात.

चाक काढायच्या आधी चेनच्या दोन्ही ॲडजस्टरच्या खुणा बघून ठेवा, म्हणजे बसवताना चाक सरळ बसेल. व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. बीड सुटत नसेल तर पाय देऊन सोडवा, चाकाखाली ब्रेकची डिस्क दबणार नाही एवढं बघा. लिव्हर लावताना समोरच्या बाजूची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवा. सगळी युक्ती तिथे आहे. बीड त्या खड्ड्यात बसली की इकडे तेवढी ढील मिळते आणि लिव्हर हलक्या हाताने चालते. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची बीड वर आली आहे.

ट्यूब काढली की तिचं भोक आणि टायरवरची जागा जुळवून बघा. ट्यूब टायरमध्ये कशी होती हे लक्षात असेल तर काटा नेमका कुठे शोधायचा ते कळतं. टायरच्या आतून फडकं फिरवा. नुसतं बोट फिरवू नका, तार मोडून आत राहिली असेल तर बोट फाटेल. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. हे न करता ट्यूबला ठिगळ लावून बसवली की पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

ट्यूबवर शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका. ती ट्यूब खड्ड्यात रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली आहे. हवा कमी ठेवल्याचं लक्षण. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर ठिगळ चालत नाही, नवी ट्यूब. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत नेतो आणि व्हॉल्व्ह तिथेच अडकलेला असतो. म्हणून व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला की लगेच लक्ष द्या.

एक प्रवासिनी
आरेकरी, फार उपयोगी. एक भर घालते. परत बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल इतपत हवा भरून घ्या, मग तिला घडी पडत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. व्हॉल्व्हजवळची बीड सर्वांत शेवटी चढवा, आणि तिथे व्हॉल्व्ह आधी आत ढकलून बघा, म्हणजे त्याच्याजवळची ट्यूब बीडखाली दबलेली नसेल. शेवटच्या टप्प्याला लिव्हर टाळून हाताने किंवा टाचेने चढत असेल तर उत्तम.

मी लांबच्या प्रवासात ठिगळ न लावता सरळ सोबत ठेवलेली जादा ट्यूब घालते आणि फाटलेली मुक्कामी पोचल्यावर निवांत दुरुस्त करते.

तेलकट हात
ठिगळाबद्दल विचारायचं होतं. माझं ठिगळ दर वेळी कडेने सुटतं. सोल्युशन लावतो, लगेच पॅच दाबतो, तरी सुटतं.

जुना पाना
‘लगेच’ म्हणालात, तिथेच उत्तर आहे. ते सोल्युशन गोंद नाही. त्यातला द्रव उडून जायला वेळ द्यायचा असतो. ट्यूब पॉलिश कागदाने खरवडा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. पॅचपेक्षा मोठ्या जागेत पातळ थर द्या आणि थांबा. ओलेपणा जाऊन बोटाला नुसतं चिकट लागेल, पण बोटावर काही येणार नाही, तेव्हा पॅच ठेवा. ओल्यावर ठेवला तर द्रव आत अडकतो आणि ट्यूब तापली की पॅच उचलतो. मग मधून कडेकडे दाबत न्या, हवा अडकू देऊ नका. शेवटी वरून टाल्कम पावडर, म्हणजे उरलेलं सोल्युशन टायरला आतून चिकटत नाही.

आणि सोल्युशनजवळ विडी-काडी नको. त्याची वाफ पेटते.

गंधकाने रबर पक्कं करायची रीत चार्ल्स गुडइयर यांनी 1844 साली पेटंट केली. आपण पॅचखाली करतो ते त्याच घराण्यातलं, फक्त भट्टीशिवाय. म्हणून घाई चालत नाही.

अनुस्वार
इतिहास निघालाच आहे म्हणून. हवेचा टायर म्हटलं की जॉन बॉइड डनलॉप यांचं नाव घेतात. त्यांचं पेटंट 1888 चं. पण रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी, 1845 मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. काळाच्या फार पुढे होते, ते चाललं नाही. डनलॉप यांनाही नंतर कळलं की कल्पना आधीच कुणाची तरी होती, आणि त्यांचं पेटंट टिकलं नाही.

फुंकर
म्हणजे 1888 च्या आधी पंक्चर नव्हतं. सुखी लोक!

आरेकरी
फुंकर, लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवून दगडांच्या रस्त्यावर एक चक्कर मारा, मग बोलू.

किल्ली
हवेचं कुणीच बोललं नाही. पंक्चर काढणं निम्मं काम, हवा भरणं उरलेलं निम्मं. बारीक नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड छोटा आणि सुटसुटीत, पण 16 ग्रॅमच्या एका नळकांड्याने मागच्या रुंद टायरचं भागत नाही, तीन-चार लागतात. नळकांडं बर्फासारखं गार होतं, हातमोजा घाला. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर साधी हवा भरून घ्या. मी बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा छोटा पंप ठेवते. हळू भरतो, पण कधी संपत नाही.

मंदगती
आणि ते आत ओतायचं द्रव? बाटली ओतली की पंक्चरच होत नाही म्हणतात.

जुना पाना
मंदगती, पंक्चर होतंच, फक्त तुम्हाला कळत नाही. लहान भोकं तो द्रव बुजवतो हे खरं, आणि अडचणीत उपयोगी पडतो. पण खिळा आत बसून राहतो आणि धागे कापत राहतो, मालक निश्चिंत. नंतर पॅच मारायला टायर उघडला की आत सगळा चिखल. तो पूर्ण पुसल्याशिवाय पॅच धरत नाही. द्रव घातला असेल तर निदान टायर उतरवणाऱ्याला आधी सांगा.

एक प्रवासिनी
इतकं सगळं उभ्या गाडीबद्दल झालं. चालत्या गाडीत हवा गेली तर काय करायचं, ते नव्या लोकांसाठी लिहायला हवं. त्याआधीचं कुठलंच ज्ञान तेव्हा कामाला येत नाही.

मागचं चाक बसलं तर गाडीचं बूड डोलायला लागतं. पुढचं बसलं तर हँडल जड होतं आणि एका बाजूला ओढतं. दोन्ही वेळी पहिली गोष्ट, दचकून ब्रेक दाबायचा नाही. हँडल घट्ट पण ताठर न होता धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी सरळ ठेवा, वेग आपोआप उतरू द्या. मग ब्रेक लावायचाच तर चांगल्या चाकाचा, हलक्या हाताने. मागचं गेलं असेल तर पुढचा, पुढचं गेलं असेल तर मागचा. वेग उतरल्याशिवाय कडेला वळवू नका.

ट्यूब असलेल्या टायरची हवा एकदम जाऊ शकते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुतेक वेळा भोक धरून बसतो आणि हवा हळू जाते. शिवाय त्या रिमला बीडच्या आतल्या बाजूला उंचवटा असतो, त्यामुळे बीड लगेच आत घसरत नाही. माझ्या मते ट्यूबलेसचा खरा मोठा फायदा हाच.

तेलकट हात
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

रानवाटा
सगळ्यांचे आभार. अनुस्वार यांच्या प्रश्नांची उत्तरं: भोक मधोमध, खिळा सरळ घुसलेला आणि बारीक, टायर रेडियल.

जुना पाना यांचा ‘आत बघता येतं’ हा मुद्दा मला पटला, म्हणून टायर उतरवून घेतला. समोर उभी राहून बघितलं. भिंतीला सुरकुत्या नव्हत्या, भुकटी नव्हती. दोरी आतून छान फुलून बसली होती, दूरचा पल्ला म्हणतात तशीच. ती काढून भोक साफ केलं, आतलं अस्तर घासलं, सोल्युशन लावून थांबलो, आतून मशरूम ओढून घेतला, रोलर फिरवला आणि बाहेरचा दांडा कापला. माझा निर्णय असा, की या टायरवर रोजचा आणि लांबचा दोन्ही प्रवास करेन. भोक खांद्याकडे असतं तर टायर बदलला असता.

आता पुढचा प्रश्न. वेगाचं काही बंधन पाळायचं का?

दूरचा पल्ला
रानवाटा, आत दोरी नीट बसली होती हे वाचून बरं वाटलं. एकट्याच्या रोजच्या वापराला मी अजूनही दोरीवर चालेन. पण माझ्या मागे कुणी बसत नाही. तुमच्यासारखं माणूस आणि सामान असेल तर मीही टायर उघडेन, एवढं मान्य.

वेगाबद्दल गाडीसोबत आलेली पुस्तिका बघा. काही पुस्तिकांत दुरुस्तीनंतर पहिले 24 तास ताशी 80 किलोमीटरच्या आत आणि त्यानंतरही 130 च्या आत चालवा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही टायर उत्पादक तर दुरुस्त केलेल्या टायरवर छापलेलं वेगाचं अक्षर ग्राह्य धरू नका म्हणतात. म्हणजे ‘एच’ असलं तरी ते ताशी 210 तुमच्यासाठी उरलेले नाहीत.

जुना पाना
दूरचा पल्ला, तेवढ्यावर मी समाधानी.

रानवाटा, बाजूच्या भिंतीवरचा बाण बघितलात का? चाकाच्या फिरण्याच्या दिशेला हवा. उतरवलेला टायर घाईत उलटा चढतो. आणि बीड दोन्ही बाजूंना सारखी बसली का ते कडेच्या बारीक गोल रेषेवरून बघा. रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी.

रानवाटा
बाण बरोबर आहे. रेषेचं मला माहीत नव्हतं, आता जाऊन बघते. हवा कधी तपासायची? रोज तपासते तेव्हा आकडा थोडा वेगळा येतो.

किल्ली
टायर गार असताना, गाडी काढण्याआधी. चालवून आल्यावरचा आकडा धरू नका. तापमानात 10 अंश सेल्सिअसचा फरक पडला तर दीड-दोन पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) इकडेतिकडे होतात, ते पंक्चर नव्हे. एकाच वेळेला, एकाच गेजने बघा. तरीही आकडा एका दिशेने घसरत असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. पुष्कळदा पॅच निर्दोष असतो आणि पिन सैल असते.